मामांचा मंगळ छापायचा कुठे?

प्रश्न : माझे मामा बँकेतून निवृत्त झाले आहेत. ज्योतिषाचा नाद जुना. ओळखीपाळखीतून त्यांनी घटस्फोट झालेल्या 60 जोडप्यांच्या पत्रिका जमवल्या. त्यांतल्या 41 जोडप्यांत नवऱ्याच्या किंवा बायकोच्या, निदान एकाच्या तरी पत्रिकेत मंगळ निघाला. म्हणजे दर तीन जोडप्यांत दोन! त्यांनी रीतसर इंग्रजीत लेख लिहून दोन विज्ञान-नियतकालिकांना पाठवला. दोन्हींकडून परत आला. एकाने तर तो परीक्षकांकडेही पाठवला नाही. मामांचं म्हणणं, 'ज्योतिष' शब्द दिसला की हे लोक दार लावून घेतात. खरंच असं असतं का? आणि पत्रिकांच्या जन्मवेळा थोड्या मागेपुढे असतील तर सगळंच मुसळ केरात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मामांचा राग समजण्यासारखा आहे. साठ जोडप्यांच्या, म्हणजे एकशेवीस पत्रिका मांडायच्या, त्याही घटस्फोटासारख्या नाजूक विषयात लोकांकडून मागून घ्यायच्या, हे काही सोपं काम नाही. तेव्हा त्यांच्या कष्टांबद्दल शंका नाही. शंका आहे ती 41 या आकड्याबद्दल. पण आधी दाराचं पाहू, कारण ते वाटतं तितकं बंद नाही.

'नेचर' हे विज्ञानातलं जगातलं सर्वांत मानाचं साप्ताहिक म्हणायला हरकत नाही. त्याने डिसेंबर 1985मध्ये शॉन कार्लसन या कॅलिफोर्नियातल्या तरुण संशोधकाचा ज्योतिषाच्या चाचणीवरचा लेख चांगला सात पानांचा छापला. त्याच्याही आधी, 1978 साली, हान्स आयझेंक या नामवंत मानसशास्त्रज्ञाचा एक लेख सामाजिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला होता. त्याचे सहलेखक जेफ मेयो हे तर पेशाने ज्योतिषी, आणि निष्कर्षही ज्योतिषाच्या बाजूचा. आपल्याकडे 'करंट सायन्स'ने मार्च 2009मध्ये पुण्यात झालेल्या चाचणीचा अहवाल छापला. ब्रिटनमधल्या ज्योतिषांच्या संघटनेचं 'कोरिलेशन' नावाचं संशोधनाला वाहिलेलं स्वतःचं नियतकालिक आहे, आणि त्यात ज्योतिषाला प्रतिकूल निष्कर्षही छापून येतात. तेव्हा विषयाला बंदी आहे असं म्हणता येत नाही.

मग मामांचा लेख का परतला? त्यासाठी थोडं अंकगणित करावं लागेल. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला त्याचं भय नसावं.

पत्रिकेत बारा स्थानं. आपल्याकडच्या प्रचलित नियमाप्रमाणे मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की पत्रिका मंगळाची. बारांपैकी पाच स्थानं, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाचीही पत्रिका मंगळाची असण्याची शक्यता जवळजवळ 42 टक्के. मंगळ नसण्याची शक्यता बारांत सात. आता नवरा आणि बायको दोघांच्याही पत्रिकेत मंगळ नसण्याची शक्यता काढायची तर सात-बारांश गुणिले सात-बारांश, म्हणजे एकशेचव्वेचाळीसांत एकोणपन्नास. उरलेल्या पंचाण्णव वाट्यांत दोघांपैकी निदान एकाला तरी मंगळ असणारच. टक्केवारीत हे होतं 66. साठ जोडप्यांना ते लावलं की उत्तर येतं साधारण 40.

मामांना मिळाले 41.

म्हणजे मामांनी जे शोधून काढलं ते घटस्फोटितांबद्दलचं नसून सगळ्याच जोडप्यांबद्दलचं आहे. सुखाने पन्नास वर्षं संसार केलेली साठ जोडपी त्यांनी घेतली असती, तरी केवळ गणिताने चाळिसाच्या आसपासच आकडा येणार होता. आणि यात लग्नापासूनच (म्हणजे जन्मवेळी उगवणाऱ्या राशीपासून) मोजलेला मंगळ धरला आहे. काही जण चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मंगळ पाहतात. तसं केलं तर ढोबळ हिशेबाने दर पाच माणसांत चौघं मंगळाची निघतील. दोष इतका सार्वत्रिक झाल्यावर त्याला दोष म्हणणंच अवघड. सौम्य मंगळ, अपवाद, परिहार अशी सोय आपल्या जुन्या जाणकारांनी करून ठेवली ती बहुधा यामुळेच. नाहीतर वधूवर सूचक मंडळं कधीच बंद पडली असती.

संपादकांनी लेख परीक्षकांकडे न पाठवता परत केला तो इथे. घटस्फोट न झालेल्या जोडप्यांचा गट लेखात नाही, मग तुलना कशाशी करायची? वैद्यकातलाही असाच लेख याच कारणाने परत येतो. औषध घेतलेल्या शंभरांतले सत्तर बरे झाले, एवढंच सांगून भागत नाही. न घेतलेल्यांतले किती बरे झाले, ते आधी विचारलं जातं.

आता मामा म्हणतील, ठीक आहे, टिकलेल्या लग्नांचाही गट घेतो. घ्यावाच, पण जपून. समजा, त्यात मंगळवाली जोडपी खरोखरच कमी निघाली. तरी ग्रहांचा विजय झाला असं लगेच म्हणता येणार नाही. पत्रिका बघून ठरवलेल्या लग्नात मंगळाला मंगळ जुळवतात किंवा तो टाळतात. पत्रिका न बघता केलेली लग्नं बरीचशी प्रेमविवाह असतात, शहरातली असतात, नवराबायको दोघं कमावती असतात, आणि पटलं नाही तर वेगळं होण्याची मुभा तिथे जास्त असते. मग मंगळ आणि घटस्फोट यांचं नातं आकड्यांत दिसेल, पण ते घडवलेलं असेल आपल्या लग्न जमवण्याच्या रिवाजाने. आकाशातल्या मंगळाचा त्यात काही हात नसेल. म्हणून तुलना करायची तर पत्रिका न पाहता झालेल्या लग्नांतच करावी. त्यात टिकलेली एका बाजूला, मोडलेली दुसऱ्या बाजूला.

ग्रहांऐवजी माणसांच्या समजुतीच आकड्यांत उमटतात, ही शंका काल्पनिक नाही. आयझेंक यांचं असंच झालं. त्यांच्या 1978च्या लेखात 2,324 माणसं होती. मेष, मिथुन, सिंह, तूळ, धनू, कुंभ या विषम राशींची माणसं बहिर्मुख, तर सम राशींची अंतर्मुख, असा कल त्यात दिसला. (तिकडची रास सूर्याची असते. आपण रास म्हणतो ती चंद्राची. दोहोंची सरमिसळ वर्तमानपत्रातल्या राशिभविष्याने पुरेशी केली आहेच.) ज्योतिषांनी अर्थातच आनंद मानला. पण पुढे लक्षात आलं की यातल्या पुष्कळ माणसांना ज्योतिषात रस होता आणि आपल्या राशीचा स्वभाव काय सांगितला जातो हे ठाऊक होतं. 'तुम्हांला चारचौघांत मिसळायला आवडतं का?' या प्रश्नाला सिंह राशीचा माणूस, आपण सिंह आहोत हे मनात ठेवून उत्तर देतो. ज्यांना राशीचं ज्ञान नाही अशांवर हाच प्रयोग केला तेव्हा कल नाहीसा झाला. आयझेंक यांनी हे स्पष्टीकरण मान्य केलं. छापून आलं म्हणजे खरं ठरलं, हा समज यातून दूर व्हावा. छापणं म्हणजे इतरांनी तपासावं म्हणून चव्हाट्यावर ठेवणं, एवढंच.

दुसरा एक समज असा की ज्योतिष हे अनुभवाचं शास्त्र, त्याची प्रयोगाने परीक्षा होऊच शकत नाही. होऊ शकते. ज्योतिषी जो दावा करतात तोच घ्यायचा, आणि तो तपासताना कोणालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था करायची. पुण्याच्या चाचणीत तेच केलं होतं. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे, अशी ही चौकडी. पत्रिकेवरून बुद्धिमत्ता कळते हा दावा त्यांनी निवडला. शाळांमधून हुशार म्हणून नावाजलेली 100 मुलं घेतली आणि विशेष शाळांतली बौद्धिक अपंगत्व असलेली 100. जन्मतपशील पालकांकडून घेतले, पत्रिका मांडल्या, त्यांना क्रमांक दिले आणि कोणता क्रमांक कोणाचा याची किल्ली विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात कुलूपबंद ठेवली. पत्रिका देणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नाही, सोडवणाऱ्यालाही नाही. 2008 साली पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना जाहीर आमंत्रण दिलं. प्रत्येकाला 40 पत्रिका, आणि प्रत्येक पत्रिकेपुढे दोनच पर्यायांतला एक लिहायचा.

एकावन्न जणांनी पत्रिका मागवल्या. उत्तरं पाठवली सत्तावीस जणांनी. नुसतं नाणं उडवून उत्तर दिलं असतं तर सरासरी 20 बरोबर यायला हवीत. या सत्तावीसांची सरासरी त्याच्या थोडी खालीच राहिली. सर्वांत जास्त गुण 24, त्याखालोखाल दोघांना 22. सगळ्या 200 पत्रिका एका संस्थेनेही सोडवल्या, तिची 102 उत्तरं बरोबर आली.

'पण 24 मिळवणारे एक निघाले ना?' असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. सत्तावीस माणसांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणं उडवलं, तर त्यांतल्या तिघाचौघांना 24 किंवा त्याहून जास्त छापे मिळायला हवेत, असं संभाव्यतेचं गणित सांगतं. इथे एकालाच मिळाले. त्या गृहस्थांची वेगळी मुलाखत घेण्याचं कारण नाही.

मला या चाचणीत निकालापेक्षा जास्त मोलाचं वाटतं ते पत्रिका मागवून उत्तर न पाठवणाऱ्या चोवीस जणांचं मौन. ते का थांबले हे सांगणं कठीण. पण एरवी संशोधनात असंच होतं. फसलेले प्रयत्न कपाटात राहतात, जमलेले तेवढे छापखान्यात जातात. मामांसारखी शंभर माणसं गावोगाव पत्रिका जमवत असतील आणि त्यांतल्या पाचांना निव्वळ योगायोगाने झळकदार आकडा मिळाला, तर लेख ते पाचच जण लिहितील. उरलेले पंचाण्णव जण 'आपला अभ्यास कमी पडला' म्हणून गप्प बसतील. म्हणून नकारात्मक निष्कर्ष छापले जाणं गरजेचं आहे, आणि ज्योतिषाच्या बाबतीत, गंमत म्हणजे, ते इतर विषयांपेक्षा सुखाने छापले जातात.

आता मामांच्या बाजूचं बोलतो, कारण त्यांच्या तक्रारीत तथ्य अगदीच नाही असं नाही. मिशेल गोकलॅं नावाचा एक फ्रेंच संशोधक होता. राशी, योग वगैरे रूढ ज्योतिषातले दावे त्याने हजारो जन्मनोंदींवर तपासले आणि ते टिकत नाहीत असं स्वतःच लिहिलं. पण 1955च्या त्याच्या पुस्तकात एक चमत्कारिक गोष्ट होती. नामांकित खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ नुकताच उगवलेला किंवा नुकताच माथ्यावरून पुढे सरकलेला असतो, असं सुमारे 22 टक्के वेळा घडलेलं दिसलं. अपेक्षा होती 17 टक्क्यांची. फरक फार नाही, पण नोंदी पुष्कळ असल्याने दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. बेल्जियममधल्या एका संशयवादी समितीने 535 खेळाडू घेऊन पडताळा केला. निकाल गोकलॅंच्या बाजूने आला, आणि समितीने तो छापायला काही वर्षं लावली! पुढे अमेरिकेतल्या संशयवाद्यांनी यात हात घातला. त्यांचा आकडेमोडीचा गोंधळ त्यांच्याच समितीतले डेनिस रॉलिन्स यांनी 1981मध्ये चव्हाट्यावर आणला. हे रॉलिन्स खगोलशास्त्राचे अभ्यासक, ज्योतिषावर तिळमात्र विश्वास नसलेले. आपल्या बाजूच्या लोकांनी लपवाछपवी केली हे त्यांना सहन झालं नाही.

तेव्हा पूर्वग्रह दोन्हीकडे असतो, विज्ञानाचा झेंडा घेतलेल्यांतही. पण प्रकरण तिथे थांबलं नाही. फ्रान्समधल्या एका समितीने 1,066 खेळाडूंवर नव्याने चाचणी घेतली. तिचा अहवाल 1996मध्ये आला, त्यात मंगळाचा प्रभाव दिसला नाही. मग 22 टक्के आले कुठून? सर्वांत पटणारं उत्तर असं, की 'नामांकित' कोणाला म्हणायचं याची व्याख्या गोकलॅं यांच्याकडे पुरेशी घट्ट नव्हती. काठावरच्या खेळाडूला यादीत घ्यायचं की नाही, हे त्याचा मंगळ कुठे आहे ते माहीत असताना ठरलं, तर नकळत पारडं झुकतं. उत्तरपत्रिका वाचून झाल्यावर प्रश्नपत्रिका काढण्यासारखंच हे.

उत्तर पाहून मग प्रश्न ठरवण्याची ही खोड किती दूर नेते, याचे दोन मासले वैद्यकातले आहेत, आणि दोन्ही मुद्दाम केलेले. 1988मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन द्यावं का, यावरचा 17,187 रुग्णांचा मोठा अभ्यास आला. ॲस्पिरिनचा फायदा निर्विवाद होता. पण कोणत्या गटाला किती फायदा, असे तुकडे पाडून दाखवा, असा आग्रह झाला तेव्हा संशोधकांनी राशीनुसारही तुकडे पाडले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा किंचित तोटाच होतो, असं उत्तर आलं! गट पाडत बसलं की असं काहीतरी हाती लागणारच, हे सांगण्यासाठी त्यांनी ते छापलं. दुसरा मासला कॅनडातल्या ऑन्टारियोचा, 2006 सालचा. तिथल्या एक कोटीहून जास्त रहिवाशांच्या रुग्णालयीन नोंदी घेऊन त्यांचे दोन भाग केले. पहिल्या भागात प्रत्येक राशीला दोन-दोन आजार चिकटलेले सापडले, एकूण चोवीस. दुसऱ्या भागात तेच चोवीस तपासले तर दोन उरले : सिंहेला पोटातला रक्तस्राव आणि धनूला दंडाच्या हाडाचा अस्थिभंग. किती वेळा प्रश्न विचारला याची वजावट केल्यावर तेही गेले.

मामांनी 41 या आकड्यापाशी येण्याआधी किती वाटा चाचपल्या होत्या, हे त्यांना प्रेमाने विचारून पाहा. शनी पाहिला होता का? सप्तमेश? षडाष्टक? एकनाड? हे सगळं पाहून झाल्यावर मंगळ उरला असेल, तर तेही लेखात यायला हवं.

जन्मवेळेबद्दल तुम्ही विचारलंत. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. म्हणजे वेळ पंधरा मिनिटांनी चुकली तर ढोबळमानाने आठांतल्या एका पत्रिकेचं लग्न बदलेल आणि मंगळाचं स्थानही त्याबरोबर सरकेल. उरलेल्या सात जशाच्या तशा राहतील. त्यामुळे खरा परिणाम असलाच तर तो थोडा फिका होईल, पण पुसला जाणार नाही. शिवाय रोज गिऱ्हाईकांना भविष्य सांगताना जी जन्मवेळ चालते, तीच चाचणीच्या वेळी अचानक कुचकामी ठरावी, हा युक्तिवाद एकतर्फी आहे. रुग्णालयाच्या कागदावरची वेळ मिळाली तर उत्तमच.

मग मामांनी काय करावं? लेख नव्याने लिहिण्यापेक्षा काम नव्याने आखावं. कोणत्या स्थानांचा मंगळ धरणार, कोणते अपवाद मानणार, घटस्फोट म्हणजे न्यायालयाचा निकाल की नुसतं वेगळं राहणं, हे आधी कागदावर लिहून तारखेनिशी नोंदवावं. इंटरनेटवर अशी नोंदणी फुकट होते. काही नियतकालिकं तर निकाल येण्याआधी नुसता आराखडा तपासूनच लेख स्वीकारतात, आणि मग निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी छापतात. मामांना सर्वांत सोयीचं दार हेच. पत्रिका ज्याने मांडायच्या त्याला कोणाचं लग्न मोडलं ते कळू देऊ नये. या कामाला एखादा भाचा बरा.

नमुना मात्र मोठा लागेल. मोडलेल्या लग्नांत मंगळाचं प्रमाण 42वरून 50 टक्क्यांवर जात असेल, तर तो फरक विश्वासाने पकडायला प्रत्येक गटात 600 माणसं तरी हवीत. साठ जोडप्यांत ते दिसणार नाही, ना बाजूने, ना विरुद्ध.

आणि एक सावधगिरी. पैसे भरा, आठवड्यात छापतो, अशी पत्रं त्यांना आता येऊ लागतील. त्यांवर आयएसएसएन क्रमांक ठळक छापलेला असतो. तो क्रमांक म्हणजे नियतकालिकाची केवळ ओळख पटवणारी नोंद, तिचा दर्जाशी संबंध नाही. तिथे लेख नक्की छापून येईल, पण वाचणार कोणी नाही. तेच पैसे पुढच्या पत्रिकांच्या प्रवासखर्चाला ठेवावेत.